निळ्या दिव्याखालचं बाळ



बाळंतपणाचा तिसरा दिवस असतो. बाळाचा चेहरा, डोळ्यांतला पांढरा भाग पिवळसर दिसायला लागतो. डॉक्टर बाळाचं रक्त तपासायला पाठवतात आणि संध्याकाळी येऊन सांगतात, ‘बाळाला लाईटखाली ठेवावं लागेल.’ मग बाळाचं टोपडं, झबलं सगळं उतरवतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि निळ्या उजेडात ठेवतात. दुसऱ्या दिवशी बाळाला पातळ, हिरवी शी होते. छातीवर लाल पुरळ उठतं. अंगाला हात लावला तर गरम लागतं. आणि बाहेर बाकावर बसलेली आजी म्हणते, ‘लेकराला भाजून काढायला लागलेत हे. चला घरी घेऊन.’

असं म्हणून काही घरची माणसं खरोखर कागदावर सही करून बाळाला घेऊन जातात. मी नवजात बाळांच्या कक्षात परिचारिकेचं काम करते, त्यामुळे हे मला नवीन नाही. तेव्हा आज फक्त एवढ्याच विषयावर बोलू या, की या दिव्याचे दुष्परिणाम काय. दुष्परिणाम काहीच नाहीत असं मी सांगणार नाही. आहेत. पण त्यातले कोणते घाबरण्यासारखे आणि कोणते नाहीत, हे आईला आणि आजीला आधी माहीत असलं, तर सही करायची वेळ येत नाही.

आधी कावीळ का होते ते थोडक्यात. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. जन्मल्यावर त्यातल्या जुन्या पेशी मोडतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. पोटात असताना तो वारेतून आईकडे जायचा आणि आईचं लिव्हर त्याची विल्हेवाट लावायचं. आता ते काम बाळाच्या लिव्हरला करायचं असतं, आणि ते अजून सरावलेलं नसतं. म्हणून दिवस भरून जन्मलेल्या दर १० बाळांपैकी साधारण ६ बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण ८ पर्यंत जातं. ही कावीळ गढूळ पाण्यातून मोठ्यांना होते ती नव्हे, आणि ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. आईनं हळदीचं खाल्लं, पिवळं वरण खाल्लं म्हणूनही होत नाही. त्यापायी बाळंतिणीला आळणी, कोरडं खायला घालतात ते पूर्ण चुकीचं आहे. तिला खाऊ द्या.

बहुतेक बाळांची कावीळ आपोआप उतरते. पण काही बाळांत बिलिरुबिन फार वाढतं आणि ते मेंदूत जाऊन बसतं. तिथे झालेलं नुकसान परत भरून निघत नाही. मूल ऐकू न येणारं होऊ शकतं, हातपाय वेडेवाकडे हलणारं, मान न धरणारं होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. दिव्याच्या दुष्परिणामांचा विचार करताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हे असतं. दिवे येण्याआधी अशा बाळाचं सगळं रक्त बदलणं एवढाच उपाय हातात होता. तो अजूनही कधी कधी करावा लागतो, पण दिव्यांमुळे फार कमी.

हा उपाय सापडला तो एका सिस्टरमुळे, आणि ती गोष्ट सांगायला मला नेहमी आवडतं. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रोचफर्ड नावाच्या गावी एक रुग्णालय आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात तिथल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षाच्या प्रमुख सिस्टर वॉर्ड या बाळांना आवारात मोकळ्या हवेत, उन्हात नेत असत. एक दिवस त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग नितळ दिसत होतं, पण एक तिकोनी तुकडा तेवढा गडद पिवळा होता. तिथे चादरीचं टोक आलं होतं! चादरीखालची कातडी पिवळी राहिली आणि उन्हातली उजळली. पुढे काही दिवसांनी रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहिली आणि त्या रक्तातलं बिलिरुबिन कमी भरलं. त्यावरून तिथल्या डॉक्टरांनी दिव्यांचं यंत्र बनवलं आणि १९५८ मध्ये आपलं काम प्रसिद्ध केलं. बाळाकडे रोज नीट बघणाऱ्या बाईला जे दिसतं ते मोलाचं असतं, म्हणून हे सांगितलं. लाईटखाली बाळ असताना तुम्हालाही तसंच बघायचं आहे.

आता दिवा काय करतो? बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते शरीराबाहेर पडायला लिव्हरची मदत लागते. निळा उजेड कातडीवर पडला की कातडीतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि ते पाण्यात मिसळण्याजोगं होतं. मग ते पित्तातून शीत आणि थोडं लघवीत उतरतं. दिवा कातडी भाजत नाही. निळा आहे म्हणून तो अतिनील किरणांचा, म्हणजे कातडी जाळणाऱ्या किरणांचा, असंही नाही.

हे कळलं की हिरव्या शीचं कोडं सुटतं. जे बाहेर पडायला हवं ते पडतंय, म्हणून शी हिरवट, पातळ आणि जास्त वेळा होते. हा जुलाबाचा आजार नव्हे. त्यासाठी जायफळ उगाळून देऊ नका, घुटी देऊ नका, दूध तर अजिबात तोडू नका. शीनं ढुंगण लाल होतं, तेवढं साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करत राहा. मात्र शीत रक्त दिसलं, किंवा बाळाचं पोट फुगून ते हिरवी उलटी करायला लागलं, तर ते दिव्यामुळे नाही. लगेच सिस्टरला हाक मारा.

दुसरी गोष्ट पाण्याची. उघडं अंग, वरून उजेड, त्यात पातळ शी, म्हणून बाळाच्या अंगातलं पाणी नेहमीपेक्षा जास्त जातं. जुन्या ट्यूबच्या दिव्यांखाली हे जास्त व्हायचं. आता एलईडीचे दिवे आलेत, त्यांची उष्णता कमी. तरी लक्ष ठेवायचं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून बाळानं २४ तासांत निदान ६ वेळा तरी शू करायला हवी. शू कमी झाली, गडद पिवळी झाली, तोंड कोरडं पडलं, टाळू आत गेली, तर सांगायचं. वजन रोज करतात, तो आकडा विचारायचा. पहिल्या दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं, पण जन्माच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त उतरलं तर डॉक्टरांना बघावंच लागतं. आणि इथे आपल्याकडची एक सवय आड येते. बाळाला ‘कोरड पडली’ म्हणून ग्लुकोजचं पाणी, साखरेचं पाणी, मध देतात. पाण्यानं कावीळ उतरत नाही. पोट मात्र भरतं आणि बाळ दूध कमी ओढतं. दूध कमी गेलं की शी कमी होते, शी कमी झाली की आतड्यातलं बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. म्हणजे कावीळ उतरवायला दिलेलं पाणी कावीळ वाढवतं.

तिसरी गोष्ट तापमानाची. बाळ गरम लागतं, ही आजीची तक्रार खोटी नसते. दिव्याच्या उष्णतेनं तापमान वाढू शकतं. आणि एलईडीखाली उघड्या अंगामुळे उलट थंडही पडू शकतं, हे आपल्या लक्षात येत नाही. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं. कक्षात ते ठरावीक वेळानं मोजतात. कमी-जास्त झालं तर दिव्याचं अंतर, खोलीची हवा बघून दुरुस्त करतात. हे सगळं त्यांना करू द्या, पण तुम्ही बाळावर दुपटं पांघरू नका. मायेनं कुंची घालतात, हातमोजे-पायमोजे घालतात, काचेवर शाल टाकतात. सिस्टर वॉर्डच्या चादरीचं टोक आठवा! जेवढं अंग झाकलं तेवढ्या अंगावर उपचार झाला नाही, आणि मग १ दिवसाचं काम २ दिवसांवर जातं. लंगोट तेवढा लहानसा असू द्या. दिवा चालू असताना अंगाला तेलही लावायचं नाही.

पुरळ उठतं ते बहुधा साधं असतं, दिवा बंद झाल्यावर विरून जातं. काही बाळांची कातडी थोडी सावळी होते, तीही पुढे पूर्ववत होते. पण अंगावर पाण्याचे फोड आले तर ते साधं नव्हे. अगदी क्वचित एखाद्या बाळाला पॉर्फिरिया नावाचा जन्मजात आजार असतो आणि त्याला हा उजेड सोसत नाही. घराण्यात कुणाला उन्हानं फोड येत असतील तर ते आधीच सांगून ठेवावं.

डोळ्यांवरच्या पट्टीला बायका फार घाबरतात. ‘डोळे जातील का?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तीव्र उजेडानं डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेली दिसली, म्हणूनच पट्टी बांधतात. पट्टी आहे तोवर डोळे सुरक्षित. खरा त्रास पट्टी सरकण्याचा असतो. वर सरकली तर डोळे उघडे पडतात, खाली सरकली तर नाक बंद होतं. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. म्हणून आईनं जवळ बसून बघायची पहिली गोष्ट कोणती विचाराल तर मी सांगेन, नाक मोकळं आहे का. दूध पाजताना पट्टी काढायची, डोळे चिकटलेत का, पू आहे का ते बघायचं आणि बाळाला आपला चेहरा दिसू द्यायचा. काजळ घालायचं नाही. एरवीही नाहीच.

आता ज्या दुष्परिणामाबद्दल फारसं कुणी बोलत नाही त्याकडे येते. माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान त्यानं होतं. तो म्हणजे आई आणि बाळाची ताटातूट. बाळ एका खोलीत, आई दुसऱ्या मजल्यावर. तिला वाटतं, बाळ आजारी आहे, माझं दूध बरोबर नाही, माझ्यामुळेच झालं. सासरचं कुणीतरी तसं बोलूनही दाखवतं. तिकडे बाळ पेटीत, इकडे दूध दाटून छाती दगडासारखी. तीन दिवसांनी बाळ हातात येतं तेव्हा ते बाटलीला सरावलेलं असतं आणि दूध आटत चाललेलं असतं. काविळीत उपचार झालेल्या बाळांच्या आया अंगावर पाजणं लवकर सोडतात आणि आपलं बाळ नाजूक आहे असं पुढेही धरून बसतात, हे अभ्यासांतही दिसलेलं आहे. दिव्याची पुरळ आठवड्यात जाते. हे मात्र महिनोन् महिने राहतं.

आणि हे टाळता येतं. बिलिरुबिन अगदी धोक्याच्या पातळीजवळ असेल तेव्हा दिवा बंद ठेवून चालत नाही, हे खरं. पण एरवी दर दोन-तीन तासांनी बाळाला बाहेर काढून, अर्धा तास छातीशी घेऊन पाजायला हरकत नसते. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा. रात्रीचंही सोडायचं नाही. काविळीनं बाळ झोपाळू असतं, रडून मागेलच असं नाही, तेव्हा तळपायाला चोळून उठवून पाजावं लागतं. बाहेर काढता येत नसेल तर हातानं दूध पिळून वाटी-चमच्यानं द्यायचं. पहिल्या दिवसांतला चीक तर मुळीच वाया घालवायचा नाही. त्यानं बाळाची काळी शी लवकर पडून जाते आणि त्या शीत बिलिरुबिन खच्चून भरलेलं असतं. पाजायला बाळ द्या, असं सिस्टरला म्हणायला संकोच करू नका. हे दया मागणं नाही, तो उपचाराचाच भाग आहे. बाळाच्या वडिलांनी किंवा आजीनं हे बोलायची जबाबदारी घेतली तर फार बरं होतं. ओल्या बाळंतिणीला दारात उभं राहून भांडायला लावू नये.

अंगाचा रंग बदलण्याचा एक प्रकार वेगळा आहे, तो ध्यानात ठेवा. क्वचित एखादं बाळ दिव्याखाली राखाडी-तपकिरी, काशाच्या भांड्यासारखं दिसायला लागतं. ज्या बाळांत पित्त पुढे सरकत नाही त्यांच्यात हे होतं. दिवा बंद झाल्यावर काही आठवड्यांत रंग निवळतो. पण पित्त का अडलं याचा शोध घ्यावा लागतो. त्याबद्दल शेवटी सांगते.

मग एवढं सगळं असेल तर ‘सगळ्याच बाळांना दोन दिवस लाईट देऊन टाका, काही बिघडत नाही’ हे बरोबर का? मला ते पटत नाही. दिवा हे औषध आहे. औषध गरजेपुरतंच घ्यावं. कॅलिफोर्नियातल्या सुमारे ५ लाख बाळांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लाईट घेतलेल्या बाळांत पुढे कर्करोगाचं प्रमाण किंचित जास्त दिसलं, पण बाळांमधले इतर फरक हिशोबात घेतल्यावर तो संबंध बराचसा पुसला गेला. २०१८ च्या तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात पुढे फिट येण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलं, आणि ते मुलग्यांत. दिव्यामुळेच झालं असं यावरून सिद्ध होत नाही. अगदी कमी वजनाच्या बाळांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात जास्त लाईट दिल्यानं मेंदूचं नुकसान कमी झालं. पण पाऊण किलोच्या आतल्या बाळांत मृत्यू थोडे जास्त दिसले. तो फरक योगायोगाचाही असू शकेल, पण तेव्हापासून डॉक्टर एवढ्याशा बाळांना हात राखून लाईट देतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं लाईट सुरू करायची पातळीच थोडी वर नेली. म्हणून डॉक्टरांना विचारा, ‘बिलिरुबिन किती आलं? बाळाच्या तासांप्रमाणे आणि दिवसांप्रमाणे लाईट लागण्याइतकं आहे का? परत कधी तपासणार?’ असं विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही. आणि लागतं म्हणाले तर मग अर्ध्यावर सोडून जाऊ नका.

‘त्यापेक्षा घरी कोवळ्या उन्हात धरतो’ असं बरेच जण म्हणतात. सिस्टर वॉर्डनी उन्हातच पाहिलं होतं, हे खरं. पण उन्हाचं माप कुणाकडे नाही. उपयोग होण्याइतका वेळ नागडं बाळ उन्हात ठेवलं तर ते भाजेल किंवा तापेल, आणि थंडीत गारठेल. नायजेरियात डॉक्टरांनी उन्हाचा उपयोग करून पाहिला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पण तिथे घातक किरण अडवणाऱ्या खास पडद्यांचा मांडव होता, आणि बाळांचं तापमान सारखं मोजलं जात होतं. आपल्या अंगणात ते नाही. घरातला पिवळा बल्ब जवळ लावणं तर निव्वळ भाजण्याचा धोका. काविळीची माळ, मंत्र, चुन्याचं पाणी यात जो वेळ जातो तो बाळाच्या मेंदूचा वेळ असतो. आणि डाग देणं म्हणजे जखम करणं, दुसरं काही नाही.

घरी गेल्यावर दोन-तीन गोष्टी आहेत. लाईटखालून काढलेल्या बाळाची कातडी उजळलेली असते, त्यामुळे रंगावरून कावीळ उतरली असं ठरवता येत नाही. रक्तच बघावं लागतं. आणि दिवा बंद केल्यावर बिलिरुबिन पुन्हा थोडं चढू शकतं, म्हणून साधारण एका दिवसानं परत तपासायला बोलावतात. ती फेरी चुकवू नका. बाळाचे कपडे डांबरगोळ्या टाकलेल्या ट्रंकेतले असतील तर ते वापरू नका. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचा घटक जन्मतःच कमी असतो. त्यांच्या तांबड्या पेशी त्या वासानंही फुटतात आणि कावीळ एकदम भडकते. घरात जुनं दुपटं काढून पहिल्यांदा तेच गुंडाळायची रीत असते, म्हणून सांगते. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळ उजेडात उघडून दाखवा. बोटानं कातडी दाबून सोडली की खालचा पिवळेपणा दिसतो, सावळ्या बाळात डोळे आणि हिरड्या बघायच्या.

थांबायचं नाही अशी वेळ कोणती? जन्मल्यापासून २४ तासांच्या आत कावीळ दिसली तर. तळहात-तळपाय पिवळे झाले तर. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, बारीक किरट्या आवाजात रडायला लागलं, किंवा पाठीची कमान करून मान मागे टाकायला लागलं तर. आईचा रक्तगट निगेटिव्ह किंवा ओ असेल तर आणखी जपून. अशा वेळी रात्र असली तरी १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहे, पैशाच्या काळजीनं घरी बसू नका.

आणि मघाशी राहिलेली पित्ताची गोष्ट. दोन आठवडे उलटूनही बाळ पिवळंच असेल, तर शीचा रंग बघा. हिरवी, पिवळी, कशीही चालेल. पण शी पांढुरकी, मळलेल्या कणकेसारखी आणि लघवी गडद, दुपट्यावर डाग पाडणारी असेल, तर दिव्याचा उपयोग नाही. पित्ताचा मार्ग बंद असू शकतो. त्याची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर गुण येण्याची शक्यता जास्त असते. डॉक्टरांकडे जाताना तो लंगोट पिशवीत घालून बरोबर न्या.